सही मिळाली, पण पालकांना सांगितलं काय होतं?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

या वाचक दहावीला इतिहास शिकवतात. दुसऱ्या महायुद्धातला ज्यूंचा संहार शिकवताना त्यांना वर्गात एक चित्रपट दाखवायचा आहे. चित्रपटाची श्रेणी सोळा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि वर्गातली मुलं चौदा-पंधराची. त्यात गोळीबार आहे, छावणीतल्या कैद्यांची नग्नता आहे, लैंगिक अत्याचाराचा एक प्रसंग आहे. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून त्यांनी पालकांना चिठ्ठी पाठवली: 'शुक्रवारी इतिहासाच्या तासाला चित्रपट दाखवण्यात येईल. परवानगी असल्यास सही करावी.' बहुतेकांच्या सह्या आल्या. काही चिठ्ठ्या परत आल्याच नाहीत, त्यांचा होकार धरायचं त्यांनी ठरवलं आहे. तीन पालकांनी कारण न देता नकार दिला. ती तीन मुलं त्या वेळात वाचनालयात बसतील. त्यांच्यातल्या एका मुलीने येऊन विनवलं, "बाई, मला बसू द्या ना, बाबांना कळणार नाही." पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: एका मुलाच्या घरून सही आली आहे, पण तो 'मला बघायचा नाही' म्हणतो, "तो तसा अभ्यासाची टाळाटाळच करतो."

त्या विचारतात: "गणिताच्या शिक्षकांना कुणी परवानगी मागायला लावत नाही, मग मलाच का? मुलं मोबाइलवर याहून भयंकर बघतात. त्या मुलीला बसू द्यावं का? आणि पुढच्या वर्षी ही परवानगीची भानगड टाळून सरळ दाखवून टाकावा का?"

उत्तर

नमस्कार बाई,

हा विषय या वयात मुलांपुढे यायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साठ लाख ज्यूंची हत्या पाठ्यपुस्तकात दोन-तीन परिच्छेदांत उरकते. आकडा पाठ होतो, पेपरात लिहिला जातो आणि निकाल लागल्यावर विसरला जातो. त्या आकड्यामागची माणसं मुलांना दिसावीत म्हणून तुम्ही अभ्यासक्रमाच्या घाईत वेळ काढताय, याचा मला आदर आहे. म्हणूनच तुमच्या चिठ्ठीबद्दल मी जरा स्पष्ट बोलणार आहे.

त्या चिठ्ठीत वार आहे, तास आहे आणि सहीसाठी जागा आहे. चित्रपटाचं नाव नाही. श्रेणी कोणती, आत काय आहे, तो का दाखवायचा आहे आणि एखाद्याने नको म्हटलं तर त्या मुलाने काय करायचं, यातलं काहीच नाही. मग ज्यांनी सही केली त्यांनी नेमकी कशाला संमती दिली? बहुतेकांनी डब्याच्या आणि दप्तराच्या गडबडीत, शाळेवरच्या विश्वासाने पेन चालवलं असणार. उद्या एखादी आई येऊन म्हणाली की, 'यात असं काही असेल हे मला माहीत नव्हतं,' तर तिची सही तुमच्या फायलीत असूनही ती खरंच बोलत असेल. ज्या तिघांनी नकार दिला त्यांचंही तेच. त्यांनी तुमच्या चित्रपटाला नकार दिला असं तुम्ही धरून चाललात, पण त्यांना तो कोणता चित्रपट आहे हेच ठाऊक नव्हतं. एखाद्याने कदाचित 'अभ्यास सोडून सिनेमे कसले' एवढ्याच रागातून नाही लिहिलं असेल.

गणिताच्या शिक्षकांशी तुलना करताना तुमचं मन दुखावलेलं दिसतं. परवानगी मागणं म्हणजे आपल्या शिकवण्यावर अविश्वास, असं तुम्हाला वाटतंय. त्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. इतिहास कसा शिकवावा हे तुम्हाला पालकांपेक्षा जास्त कळतं, यात वाद नाही. पण वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरात गेल्या सहा महिन्यांत काय घडलं, हे तुम्हाला माहीत असणं शक्य नाही. कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. कुणाला रात्री झोप लागत नाही म्हणून समुपदेशकाकडे नेत असतात. कुणा मुलीवर असा प्रसंग ओढवलेला असतो, की पडद्यावर तो समोर आला तर ती त्या अंधारात एकटी पडेल, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणीलाही ते समजणार नाही. समीकरणं सोडवताना हे मधे येत नाही, चित्रपट बघताना येतं. पालकांकडे असलेली ही माहिती तुम्हाला हवी आहे, आणि ती मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे त्यांना नीट सांगणं आणि नीट विचारणं.

श्रेणीबद्दलही थोडं बोलू, कारण काही शिक्षक तिला फार घाबरतात आणि काही अजिबातच जुमानत नाहीत. श्रेणी ठरवणारी मंडळं प्रामुख्याने पडद्यावर काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते मोजतात: शिव्या, रक्त, नग्नता, अमली पदार्थ. चित्रपटाचं मोल ती मोजत नाहीत. 'द किंग्ज स्पीच' हा २०१०चा चित्रपट बोलताना अडखळणाऱ्या राजाची गोष्ट सांगतो. उपचारांच्या एका प्रसंगात तो शिव्यांची सरबत्ती करतो, एवढ्यावरून अमेरिकेत त्याला 'आर' श्रेणी (सतरा वर्षांखालच्यांना मोठं माणूस सोबत असेल तरच प्रवेश) मिळाली. ब्रिटनमध्ये आधी १५ दिली होती, ती वितरकांनी दाद मागितल्यावर '१२ए' (बाराच्या आतल्यांना मोठ्यांसोबत प्रवेश) झाली. 'बुली' या माहितीपटाचं तर मला अजून वाईट वाटतं. शाळेतल्या दादागिरीने पोळलेल्या मुलांवरचा तो माहितीपट, पण त्यातल्या मुलांच्याच तोंडच्या शिव्यांमुळे अमेरिकेत त्याला 'आर' मिळाली. म्हणजे ज्यांनी तो बघायला हवा, त्या वयाच्या मुलांना तो मोठ्यांशिवाय चित्रपटगृहात बघता येणार नव्हता. २०१२ मध्ये बराच गदारोळ झाला, काही शिव्या कापल्या गेल्या आणि मग त्याला 'पीजी-१३' ही त्याहून सौम्य श्रेणी मिळाली. तेव्हा नुसती श्रेणी बघून 'हा नको' म्हणणाऱ्या पालकाला किंवा मुख्याध्यापकांना तुम्ही शांतपणे सांगू शकता, की ही श्रेणी कशामुळे मिळाली ते आधी पाहू. तुमच्या बाबतीत मात्र ती लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगामुळेही मिळालेली असणार. शिव्यांचं आणि या प्रसंगाचं वजन सारखं नाही, आणि ते पालकांना वेगळं सांगायला हवं.

तुम्ही कुठे शिकवता ते पत्रात नाही, आणि हे सदर वाचणारे शिक्षक निरनिराळ्या देशांत आहेत. म्हणून कायद्याचंही सांगते. सही कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही, हे देशागणिक बदलतं. भारतात सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली (१९५२) 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षांखालच्या कुणालाही दाखवणं हा गुन्हा आहे. वर्गातल्या एकूण एक पालकाने सही दिली तरी त्यातून सूट मिळत नाही, तेव्हा तसा चित्रपट असेल तर विषय तिथेच संपतो. 'यूए' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघण्याच्या) श्रेणीचे २०२३च्या दुरुस्तीने ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले. हे वयाचे आकडे पालकांना केलेली शिफारस आहेत, निर्णय त्यांनी घ्यायचा असतो. म्हणूनच १६+चा चित्रपट पंधरा वर्षांच्या मुलांना वर्गात दाखवताना त्यांना विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही. ब्रिटनमध्ये १५ श्रेणीच्या चित्रपटाला चित्रपटगृहात पंधराच्या आतल्या मुलाला आई-वडील सोबत असले तरी प्रवेश नाही. वर्गाचं गणित तिथे वेगळं आहे. मुलं त्या वयाच्या थोडीच अलीकडची असतील आणि शिकवण्याचं गंभीर कारण असेल, तर मुख्याध्यापक आणि पालक दोघांची संमती घ्या, असा तिथल्या मंडळाचा सल्ला असतो. अमेरिकेतली श्रेणी १९६८पासून चित्रपट उद्योगाची स्वतःची, ऐच्छिक पद्धत आहे, तो सरकारी कायदा नाही. तिथल्या शाळांना आपापल्या शालेय जिल्ह्याचे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनाचे) नियम बांधील असतात, आणि 'आर' श्रेणीसाठी लेखी परवानगी मागणारे जिल्हे पुष्कळ आहेत. तुमच्या शाळेचा लेखी नियम काय आहे ते आधी बघा. तो नसेल तर तसं लेखी विचारा. शिवाय घरचं स्ट्रीमिंगचं खातं वर्गात लावण्याआधी त्याच्या अटी वाचा, बहुतेक सेवा फक्त वैयक्तिक वापराला परवानगी देतात.

पुढच्या वर्षी परवानगीशिवाय दाखवावा का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९८०च्या दशकात एका शिक्षिकेने वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मुलांच्या आग्रहावरून, 'आर' श्रेणीचा एक संगीतपट वर्गात लावला. तो तिने आधी पाहिला नव्हता. अश्लील भाग आला की पडद्यासमोर फोल्डर धरायचं काम तिने एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोपवलं. तिची नोकरी गेली, आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयाने शाळेचा निर्णय कायम ठेवला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, कारण तुमची गोष्ट फार वेगळी आहे. तुम्ही चित्रपट पाहिलाय, तो धड्याशी जोडलेला आहे, त्यामागे विचार आहे. पण तो विचार आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. तो कागदावर आणा. आणि ज्या चिठ्ठ्या परत आल्या नाहीत त्यांचा होकार धरू नका. कितीतरी चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेल्या असतात. फोन करा, आणि तरीही उत्तर आलं नाही तर ते मूल दुसरं काम करेल.

आता त्या मुलीविषयी. तिला बसू देऊ नका. तिची ओढ खरी असेल, कदाचित वर्गात सगळ्यांत जास्त समजून घेणारी तीच असेल. तरीही तिच्या वडिलांपासून लपवून तिला बसवलंत, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर तुमचं एक गुपित तयार होईल, आणि त्या गुपिताचं ओझं तिला घरी न्यावं लागेल. शिक्षकाने असं काही विद्यार्थ्याच्या माथी मारू नये. 'ते जमणार नाही, पण तुला बघायचाय हे मला आवडलं. मी घरी बोलून बघते, तू मला काय म्हणालीस ते मात्र सांगणार नाही,' असं तिला स्पष्ट सांगा. मग वडिलांना फोन करा. फोनचा हेतू त्यांचं मन वळवणं हा ठेवू नका, त्यांना कशाची काळजी वाटते ते ऐकायला फोन करा. नकार दिलेल्या तिन्ही घरी फोन करा, म्हणजे एकट्या तिच्याकडे बोट जाणार नाही. चित्रपटाचं नाव, त्यातले तीन कठीण प्रसंग आणि तो दाखवण्याचं कारण सांगा. 'अत्याचाराचा प्रसंग वगळून दाखवला तर चालेल का?' असंही विचारा. ते तरीही नाही म्हणाले तर तो नकार मनापासून स्वीकारा. नकार देणारा पालक मागासलेला असतो, हे गृहीतक तुमच्या पत्रात ओळीओळींतून डोकावतं. काही वेळा नकारामागे असं कारण असतं, की जे कुणी शाळेला चिठ्ठीत लिहून पाठवणार नाही.

आणि तो मुलगा. तुमच्या पत्रात त्याला एकच ओळ मिळाली आहे, तीही शेवटी, आणि माझं मन मात्र तिथेच अडकलं. ज्या मुलीला बघायचंय तिच्यासाठी तुम्ही नियम वाकवायचा विचार करताय. ज्याला बघायचं नाही त्याला त्याच्या घरच्या सहीच्या जोरावर बसवायला तयार आहात. वडिलांची सही आहे म्हणून त्या मुलाच्या पोटातला गोळा नाहीसा होत नाही. तो टाळाटाळ करत असेलही. पण टाळाटाळ करणारी मुलं सहसा चित्रपटाचा तास चुकवत नाहीत, त्यांना तर तो सगळ्यात सोपा वाटतो. म्हणून त्याचं 'नको' मला जास्त गंभीर वाटतं.

त्याला सगळ्यांसमोर बोलावू नका, कारणही खोदून विचारू नका. 'तुला बसायचं नसेल तर चालेल, कारण सांगायची गरज नाही, आणि कधी काही बोलावंसं वाटलं तर मी आहे,' एवढं म्हणा आणि थांबा. काही दिवसांनी तो बोलला तर ऐका. जे ऐकाल ते एकट्याने पेलण्यासारखं नसेल तर शाळेच्या समुपदेशकांना सोबत घ्या. माझं ठाम मत आहे, की अशा चित्रपटासाठी पालकांच्या होकाराइतकंच मुलाचं 'नको' महत्त्वाचं धरलं पाहिजे. पालकांचा नकार असेल तर मुलाच्या होकाराने तो पुसला जात नाही, पण मुलाचा नकार असेल तर पालकांच्या सहीने तोही पुसला जाऊ नये.

'मोबाइलवर याहून भयंकर बघतात' हे मी अनेक शिक्षकांकडून ऐकते. बघत असतील. पण मोबाइलवर नकोसं काही आलं तर बोटाने सरकवता येतं, स्क्रीन उलटी करता येते. पुस्तकातलं पान मिटता येतं. वर्गात मात्र दिवे बंद असतात, चाळीस जण आजूबाजूला असतात, आणि उठून बाहेर गेलं तर उद्या सगळे 'घाबरट' म्हणणार हे चौदा वर्षांच्या मुलाला पक्कं माहीत असतं. शिवाय तिथे ते दाखवणारी त्याची शिक्षिका असते, जिच्यावर त्याचा विश्वास आहे आणि जी त्याला मार्क देते. घरी चोरून बघितलेलं आणि शाळेने बसवून दाखवलेलं यांत हाच फरक आहे.

म्हणून दाखवताना काही गोष्टी कराच. दिवे पूर्ण घालवू नका. दाराजवळचे बाक रिकामे ठेवा आणि सुरुवातीलाच सांगा, की कुणालाही केव्हाही न विचारता बाहेर जाता येईल. बाहेर कोण मोठं माणूस असेल तेही सांगा. कठीण प्रसंग येण्याआधी थांबवून 'आता हे येणार आहे' असं बोला, मुलांना धक्क्याने काही शिकवायचं नाहीये. आणि शुक्रवारचा शेवटचा तास निवडू नका. घंटा झाली की मुलं ते सगळं डोक्यात घेऊन दोन दिवस घरी बसतील, आणि त्यावर बोलायला कुणी नसेल. बघून झाल्यावर लगेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी तरी, पूर्ण तासभर बोलायला मिळेल असे वार धरा.

तो पूर्ण बघितलाच पाहिजे का, हेही स्वतःला विचारा. तुम्हाला छावणीतलं रोजचं जगणं, शेजाऱ्यांची गप्प बसण्याची भूमिका आणि कागदोपत्री चाललेली थंड क्रूरता शिकवायची असेल, तर निवडक वीस-पंचवीस मिनिटांत ते नीट होईल, आणि उरलेला वेळ चर्चेला मिळेल. काही चित्रपट तुकड्यांत मरतात, हे मला मान्य आहे. पण तुमचा हेतू धडा असेल तर अत्याचाराचा तो प्रसंग वगळल्याने काय हरवतं, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. ते समाधानकारक वाटलं नाही, तर प्रसंग काढा.

वाचनालयात बसवण्याबद्दल: नुसतं बसवणं ही शिक्षाच वाटते, आणि बाकीच्यांना बाहेर कोण आहे ते लगेच कळतं. त्या मुलांना त्याच विषयाचं, तितक्याच तोलाचं काम द्या. संहारातून जिवंत वाचलेल्यांच्या साक्षी, छायाचित्रं, नकाशे, एखादी डायरी यांवर चार प्रश्न द्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत त्यांना सामील करून घ्या. त्यांनी वाचलेलं बाकीच्यांनी पाहिलेलं नसेल, त्यामुळे त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी असेल. परीक्षेत चित्रपटातल्या प्रसंगावर प्रश्न विचारू नका.

नवी चिठ्ठी कशी असावी, त्याचा एक नमुना देते. तुमच्या शब्दांत बदलून घ्या, इतर शिक्षकांनीही वापरायला हरकत नाही:

'आदरणीय पालक, इतिहासाच्या अमुक प्रकरणासाठी या तारखेला वर्गात अमुक चित्रपटातला अमुक मिनिटांचा भाग दाखवायचा आहे. चित्रपटाची श्रेणी १६+ आहे, कारण त्यात हत्येची दृश्यं, कैद्यांची नग्नता आणि लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. यांपैकी शेवटचा प्रसंग आम्ही दाखवणार नाही. मुलांना आकड्यांमागची माणसं कळावीत, हा हेतू आहे. दुसऱ्या दिवशी पूर्ण तास चर्चा होईल. आपण हो म्हणा किंवा नाही, कारण सांगणं आवश्यक नाही. न बघणाऱ्यांना त्याच विषयाचं वाचनाचं काम मिळेल आणि त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही. आपल्या मुलाबद्दल मला काही माहीत असावं असं वाटल्यास कृपया फोन करा. उत्तर न आल्यास नकार समजण्यात येईल. ही चिठ्ठी आपल्या मुलाशी बोलून भरावी.'

शेवटच्या ओळीमुळे बऱ्याच घरांत रात्री जेवताना या विषयावर बोलणं होईल. काही पालक स्वतः चित्रपट आधी बघतील, काही मुलांबरोबर बघतील. तसं झालं तर तुमचं अर्धं काम घरीच होईल.

येत्या शुक्रवारचं मात्र पुढे ढकला. मुख्याध्यापकांना नवी चिठ्ठी, दाखवायच्या भागांची वेळेसकट यादी आणि पर्यायी कामाचा कागद द्या, त्यावर त्यांची तारखेसह सही घ्या. आधीच्या सह्या बाद धरून पालकांना पुन्हा विचारा, आणि हे पुन्हा का विचारताय तेही एका ओळीत लिहा. आठ-दहा दिवस जास्त लागतील. तेवढ्यात त्या मुलाशी बोलणं होऊ द्या.